गिनती जुळेपर्यंत

संध्याकाळचे सहा वाजले की हवालदार घराला कुलूप लावायचे. आतून. आधी पुढच्या दाराची जाळी, मग मागचं दार, मग खिडक्यांच्या कड्या एकेक करून ओढून बघायच्या, आणि सगळ्यात शेवटी बायकोला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कुलूप. एवढं झालं की किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून ते घरातल्याच बोळात ठेवलेल्या फोनपाशी ताठ उभे राहायचे. एकतीस वर्षं तुरुंगात नोकरी केलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेली दोन वर्षं डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. नातवाचं नाव गेलं, बँकेतली सही गेली, आज वार कुठला तेही गेलं. सहाची गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, तेवढी राहिली. जायचं ते राहतं आणि राहायचं ते जातं, असला हा मेला आजार.

आता तुरुंगाची रीत अशी असते, की माणसं आत घेऊन कुलूप घातलं म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक बरॅकचा शिपाई आपापली माणसं मोजतो आणि आकडा मेन गेटला कळवतो. तिथं सगळ्यांची बेरीज होते. जुळली तर घंटा वाजते आणि गेटवरून फोन येतो, की बरोबर आहे, सुटा. तोवर कोणी जागचं हलायचं नाही, आतल्यानं नाही आणि बाहेरच्यानंही नाही. किल्ली हातात असली तरी ती तोवर नुसतं लोखंड. तर हवालदार त्या फोनची वाट बघत उभे राहायचे. फोन नाही आला तर बसायचे नाहीत, पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत.

सुरुवातीला घरात कोणाला हे उमगलंच नाही. एकदा सहाला उभे राहिलेले हवालदार साडेनऊला तिथंच कोसळले. आतून बायको दारावर थापा मारतेय, बाहेर जाळीला कुलूप, शेवटी वरच्या मजल्यावरच्यांनी जाळी तोडली. मग किल्ल्या लपवून बघितल्या, तर ते लहान मुलासारखे रडले आणि जाळी ओढता ओढता बोट मोडून घेतलं. मग बायकोनं आतल्या खोलीची दुसरी किल्ली करून घेतली आणि स्वतःच दार उघडून बाहेर आली. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोवर काठी उगारली. उगारली म्हणजे मारली. नंतर ओळख पटली तेव्हा तिचा हात धरून रात्रभर बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, विरोध करू नका, त्यांच्या कलानं घ्या. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला.

तोडगा काढला तो धाकटीनं. धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. थोरला दूर परदेशात. एके संध्याकाळी हात टेकलेली ती पोरगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, मोबाइलवरून घरच्याच फोनचा नंबर फिरवला आणि घोगरा आवाज काढून म्हणाली, मेन गेट, बोला. बोळातून वडिलांचा आवाज आला, संख्या एक. ती म्हणाली, बरोबर, उघडा. आणि किल्ली फिरली हो! हवालदार खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि हल्ली गेटवरची माणसं वेळेवर फोन करत नाहीत म्हणून कुरकुर केली. मायलेकी स्वयंपाकघरात तोंडात पदर नि ओढणी कोंबून हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या होत्या.

तेव्हापासून रोज सहा वाजून दहा मिनिटांनी मेन गेटचा फोन. फक्त आठवड्यातले तीन दिवस धाकटी घरी नसायची. भरतीच्या परीक्षेचा क्लास होता, चार ते आठ, आणि तिथं मोबाइल बंद करून टोपलीत टाकावा लागायचा. त्या दिवशी काय होतं, असं तिनं आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "तू नसलीस की विसरतात गं. टीव्ही लावते, बसून राहतात." धाकटीनं विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं. एकदा जेवताना हवालदार म्हणाले होते, की गेटवर आता जाड्या आवाजाची बाई बसवलीय, पण कामाला चोख आहे. धाकटीला वाटलं, आपल्याच आवाजाबद्दल बोलताहेत. आईनं पटकन त्यांच्या ताटात भाजी वाढली.

परीक्षेत धाकटी एकदम दोन याद्यांत आली. एक तुरुंग शिपायाची, दुसरी कंट्रोल रूमची. संकटात सापडलेली माणसं तीन आकडी नंबर फिरवतात, तो उचलून पोलीस, बंब, रुग्णवाहिका धाडायची ती जागा. येत्या वाढदिवसाला वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटची खेप. नियम असा, की उमेदवारानं दोन्ही ठिकाणी एकेक दिवस नुसतं बसून काम बघायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पसंतीपत्र पेटीत टाकायचं. दोन चौकोन, एकावर खूण. दोन्हींवर केली तर बाद, एकावरही नाही केली तर बाद.

थोरल्याचं मत फोनवरून आलं: तुरुंग घे, राहायला क्वार्टर मिळते. थोरल्याची मतं नेहमी फोनवरूनच यायची. वडिलांचं मत विचारण्यात अर्थ नव्हता, पण ते शुद्धीत होते तेव्हा तुरुंगाच्या नोकरीबद्दल वाईट शब्द कधी बोलले नव्हते, त्यामुळे त्यांनाही तेच हवं असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आई एवढंच म्हणाली, की तुला जे झेपेल ते कर, आमची काळजी करू नकोस. आईचं हे वाक्य ऐकून आजवर कोणाची काळजी कमी झाली आहे, देव जाणे.

तुरुंगाचा दिवस आधी झाला. बायकांच्या विभागात, एका जमादारबाईच्या मागे मागे. बाई पन्नाशीची, कमरेला तसाच जुडगा, चाल तशीच. धाकटीचं आडनाव ऐकून थांबली आणि म्हणाली, तुझा बाप डोळ्यांत तेल घालून मोजायचा. दिवस ठीक गेला. रांगा, डबे, भांडणं, एकीनं दुसरीचा कंगवा घेतला त्याची पाऊण तास सुनावणी. साडेपाचला सगळ्या आत गेल्या, कुलपं लागली, मोजणी झाली. चौपन्न. गेटवर मात्र बेरीज एकानं कमी भरली. कुठल्या तरी बरॅकमधला एक जण दुपारी इस्पितळात नेला होता आणि वहीत नोंद राहिली होती. हे कळायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळा तुरुंग जागच्या जागी. गजाआड एक बाई पोट धरून बसली होती, दवाखान्यात न्या म्हणत होती. जमादारबाई किल्ली हातात धरून तिच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि म्हणत होती, होऊ दे गं गिनती, होऊ दे. मग घंटा वाजली आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले.

जाताना जमादारबाईनं भिंतीलगतच्या क्वार्टरही दाखवल्या. दोन खोल्या, पुढं नळ. घंटा इथपर्यंत ऐकू येते का, असं धाकटीनं सहज विचारलं. बाई हसून म्हणाली, "अगं, आमची मांजरंसुद्धा घंटा झाल्याशिवाय दूध पीत नाहीत."

परत येताना बसस्टॉपवर धाकटीच्या लक्षात आलं, की आपण माणसं मोजतोय. अकरा होती. त्यातला एक म्हातारा कंटाळून चालायला लागला तर तिनं परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. तिला आपला बाप आठवला, बोळात ताठ उभा. त्या रात्री तिनं मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, तुरुंग नको. मी कंट्रोल घेईन.

कंट्रोलचा दिवस तर तिला आवडलाच. तिसऱ्या मजल्यावर बिनखिडक्यांचा हॉल, चाळीस टेबलं, आणि माणसांना नावाऐवजी टेबलांचे नंबर. धाकटीला बसवलं सात नंबरपाशी. सात नंबर म्हणजे सत्तावन्न वर्षांची, चष्मा साखळीला टांगलेली बाई, महिनाअखेर निवृत्त होणार होती. आवाज असा जाड, की चोर ऐकूनच परत जावा. मोबाइल खाली लॉकरमध्ये जमा, हॉलचं दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही, आणि उमेदवाराला कार्ड नाही. कानाला एक हेडफोन दिला होता, त्यातून ऐकू यायचं. बोलायची सोय नव्हती.

सात नंबरनं पहिला धडा दिला, आधी पत्ता विचारायचा, मग काय रडायचं ते रड म्हणावं. पत्ता नसेल तर त्याच्या रडण्याचं मी काय करू? दिवसभरात धाकटीनं पोराच्या घशात अडकलेलं बटण ऐकलं, जिना चढून आलेली आग ऐकली, आणि नवरा वरच्या खोलीत आहे म्हणून कुजबुजणारी एक बाई ऐकली. एका फोनवर कोणी बोलतच नव्हतं, नुसता श्वास. सात नंबर म्हणाली, बोलता येत नसेल तर फोनवर बोटानं ठोका, हो असेल तर एकदा. टक्. मग दहा मिनिटं त्या टकटकीवरून तिनं गल्ली काढली, मजला काढला आणि गाडी पोचवली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला हे जमेल, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला कशाबद्दल तरी वाटत होतं. पसंतीपत्र पर्समध्ये घडी घालून होतं. सातपर्यंत वेळ होता, पण मन ठरलं होतं.

साडेपाचला वरून तपासणीची माणसं आली. पाळीवरच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब तसे वाईट नव्हते, पण तपासणी म्हटली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. त्यांनी उभं राहून सांगितलं, प्रत्येक फोन नियमानं नोंदवा, नोंद नसलेला एकही फोन बाहेर जाता कामा नये, आणि उगाच त्रास देणारे नंबर आज यादीत जाणार. यादीत गेलेल्या नंबरवरून फोन आला की माणूस उचलणार नाही, आपोआप रेकॉर्ड वाजेल. दाराच्या कार्डाचंही यंत्र तपासायला काढलं होतं, तेव्हा सातपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही.

सहा वाजून आठ मिनिटांनी एकवीस नंबरचा पोरगेलासा माणूस सवयीनं ओरडला, "सात, तुमचा गिनतीचा आलाय!" आणि फोन इकडे वळवला. मग त्यानं जीभ चावली. हॉलमध्ये दोन-तीन माना वळल्या. तपासणीचा एक माणूस सात नंबरच्या मागेच उभा होता.

हेडफोनमध्ये आवाज आला, "बाई, मीच. गिनतीचं."

धाकटीला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. जन्मल्यापासून ऐकलेला आवाज तो. पण आपली आई इथं, या वायरीत, कशी काय आली, हे कळायला वेळ लागला. आई एका अनोळखी बाईशी इतक्या सरावानं बोलत होती, जशी दूधवाल्याशी बोलावी.

सात नंबरनं मागं बघितलं आणि पुढं बघितलं. तिचा जाड आवाज एकदम छापील झाला. "आपली अडचण काय आहे?"

पलीकडे आई कसनुसं हसली. "अडचण काही नाही हो. तेच आपलं. ते उभे आहेत."

"कोणी जखमी आहे का?"

"नाही, नाही."

"पोलीस हवेत का?"

"पोलीस कशाला, बाई. घरातच आहे एक." आईनं पुन्हा हसायचा प्रयत्न केला. मग तिला कळलं. आईला अशा गोष्टी चटकन कळतात. ती म्हणाली, "असू दे. आज तुमच्याकडे गर्दी दिसतेय. मी थांबते. मला थांबायची सवय आहे." आणि तिनं फोन ठेवला.

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली होती. सात नंबरनं टेबलाखालून तिचं मनगट धरलं. धाकटी ओठ न हलवता म्हणाली, "ती माझी आई आहे."

सात नंबरचा चेहरा उतरला. पडद्याकडे बघत, काही तरी टाइप करतेय असं दाखवत, ती हळू आवाजात सांगायला लागली. सात महिने झाले. पहिल्या दिवशी कोंडलेल्या खोलीतून मोबाइलवरून फोन आला तेव्हा ही बाई रडत होती, की नवरा दाराबाहेर उभा आहे, पडेल, पण गाडी पाठवू नका, त्याला माणसं बघून भीती वाटते, मी फोन केला तर दाराआडून माझा आवाज ओळखतो, तुम्ही फक्त या नंबरवर फोन करून बरोबर आहे, उघडा, एवढं म्हणा. सात नंबरला आधी वेड लागलेली बाई वाटली. तरी तिनं फोन केला. वीस सेकंदांचं काम. मग आठवड्यातून तीनदा. कोणत्याही टेबलावर आला तरी सगळे सातकडे वळवायचे. थोरल्या मुलाकडे मागितलं होतं म्हणे तिनं हे. त्यानं एक आठवडा केलं आणि मग त्याची मीटिंग त्याच वेळेला यायला लागली. धाकटीला मात्र अजिबात कळू द्यायचं नव्हतं. "पोरगी अभ्यास करतेय, कळलं तर सगळं सोडून घरी बसेल, असं म्हणायची," सात नंबर म्हणाली. "मला काय माहीत, ती पोरगी म्हणजे तू."

मग आत्ता एक फोन करा ना, असं धाकटीनं विनवलं. सात नंबरनं डोळ्यांनीच मागं दाखवलं. तपासणीवाला पुढच्या टेबलावर वाकून महिन्याभराची यादी काढत होता. एकाच नंबरवरून बारा फोन, एकाही नोंदीत तक्रार नाही. इथून आता बाहेर फोन गेला तर सात महिन्यांचं सगळं बाहेर पडणार होतं, आणि सात नंबरचे निवृत्तीचे कागद अजून साहेबांच्याच टेबलावर होते. आणि धाकटीनं उठून सांगावं, की हे माझं घर आहे, तर उमेदवाराच्या घरूनच सरकारी नंबरचा गैरवापर. दोन्ही याद्यांतून नाव गेलं असतं. सात नंबर म्हणाली, "तू म्हणशील तर करते. माझं बघून घेईन मी." तिची नजर मात्र साहेबांच्या टेबलावरच होती. धाकटीनं मान हलवली. नको.

तिनं साहेबांकडे जाऊन बाथरूमला जायचंय म्हणून सांगितलं. साहेब अजिजीनं म्हणाले, "ताई, यंत्र उघडून पडलंय. सातपर्यंत कळ काढा." ती परत येऊन बसली. सगळ्या गावाचे फोन उचलणाऱ्या खोलीत बसून तिला एक फोन करता येत नव्हता.

पन्नास मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं, लाल आकड्यांचं, सेकंद दाखवणारं. सहा वीस. बाबांचे पाय सुजायला लागले असतील. सहा पंचवीस. आई दाराला पाठ लावून बसली असेल. आई बोलत असेल दारातून, बसा हो, जरा बसा, आणि बाबा म्हणत असतील, ड्युटीवर बोलायचं नाही. कानात कोणी तरी सांगत होतं, की शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो. धाकटीला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. तिला आईचाही राग आला. सात महिने! परक्या माणसांच्या दारात उभी राहिली, आणि घरी येऊन मला विचारायची, क्लास कसा झाला गं. मग त्या रागाचं काय करावं तेही सुचेना, कारण आईनं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर धाकटी खरंच सगळं सोडून घरी बसली असती.

साडेसहाला तपासणीवाल्यानं सात नंबरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हा नंबर यादीत टाका. सात नंबरनं टाकला. तिला टाकावाच लागला.

तेव्हा धाकटीनं पसंतीपत्र बाहेर काढलं. हिशेब सरळ होता. कंट्रोल घेतलं तर महिन्यातले पंधरा दिवस संध्याकाळी सहाला ती याच हॉलमध्ये असणार, फोन लॉकरमध्ये, दाराला कार्ड. आई नंबर फिरवणार आणि रेकॉर्ड वाजणार. दुसरं कोण होतं? वरच्या मजल्यावरची माणसं घर सोडून गेली होती. तुरुंग घेतला तर रुजू होताच क्वार्टर. भिंतीलगतच्या दोन खोल्या. तिथं रोज खरी घंटा वाजेल, खऱ्या गेटवरची, आणि बाबा ती ऐकून स्वतःच कुलूप काढतील. ती घरी असो, नसो. तिनं तुरुंगाच्या चौकोनात खूण केली. पेन दाबून केली. सात नंबरनं बघितलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

सातला दार उघडलं. दाराशी पेटी घेऊन साहेब उभे होते. धाकटीनं पत्र आत टाकलं, साहेबांनी पेटीला कुलूप लावलं, लाख लावली आणि शिपायाच्या हातात दिली. धाकटी दोन-दोन पायऱ्या उतरत लॉकरपाशी आली. मोबाइल चालू व्हायला वेळ घेत होता. नंबर लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत तिकडून उचलला.

तिनं दम गिळला आणि आवाज घोगरा केला. "मेन गेट. बोला."

"हवालदार हजर. संख्या एक." आवाज कोरडा पडला होता. घसा सुकला होता त्यांचा.

"बरोबर. उघडा."

तिनं किल्लीच्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही.

"साहेब," हवालदार म्हणाले, "एक बोलायचं होतं."

एकतीस वर्षांत आणि आजाराच्या या दोन वर्षांत ते गेटशी कधी जास्तीचा शब्द बोलले नव्हते. धाकटी म्हणाली, "आधी उघडा. मग बोला."

"आज आमच्या धाकटीची नोकरी ठरतेय. सकाळपासून घरात तेच चाललंय. तुमच्याकडे नाव आलं असेल." ते थांबले. श्वास लागला होता. "तिला तुरुंगावर घेऊ नका, साहेब."

धाकटीची नजर जिन्याकडे गेली. पेटी अजून वरच होती.

"मी कधी काही मागितलं नाही. रजा मागितली नाही. पोरगी जन्मली तेव्हाही गिनती करून मग गेलो. तिथं माणूस मोजायला लागतो आणि मग त्याला थांबताच येत नाही. रस्त्यात मोजतो. जेवताना मोजतो. तिला ते नको. फोनवर वगैरे काही असेल तर बघा. बसून काम. कोणी हाक मारली तर तिला ऐकता येईल, असं."

"हवालदार, उघडा. आत बाई आहेत."

"आधी शब्द द्या."

"हवालदार..."

"शब्द द्या, साहेब. मग उघडतो. नाहीतर मी उभाच आहे."

जिन्यावरून शिपाई पेटी घेऊन खाली उतरला. धाकटीच्या अगदी जवळून गेला, दाराबाहेर उभ्या असलेल्या गाडीत त्यानं पेटी ठेवली आणि गाडी निघाली. धाकटी तिकडे बघत होती. आवाज घोगरा करायची गरज उरली नव्हती, तो तसाच झाला होता.

"दिला शब्द," ती म्हणाली. "फोनवर घेतो तिला."

मग किल्ली फिरली. फोन त्यांनी ठेवला नव्हता, नुसताच टेबलावर टाकला असावा, कारण पुढचं सगळं तिला ऐकू आलं. दार करकरलं. आई म्हणाली, बसा आधी, बसा, पाय बघा कसे झालेत. आणि बाबा म्हणाले, "झालं तिचं काम. गेटनं शब्द दिलाय." त्यांच्या आवाजात इतका आनंद तिनं पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. मग कोणी तरी फोन जागेवर ठेवला.

मेन गेट होऊन धाकटीनं आजवर शेकड्यांनी फोन केले होते, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. आत खरंच एक माणूस असायचं, ती खरंच बरोबर म्हणायची. बापाशी ती खोटं बोलली ते आज, पहिल्यांदा.

सात नंबर मागून जिना उतरून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. धाकटी बाहेर पडली. बसस्टॉपवर नऊ माणसं उभी होती. तिला धरून दहा.